दारचा पारिजातक



परवा वर्ग सुटताना एका बाईंनी आम्हाला विचारले, "गुरुजी, दारात पारिजातक लावावा म्हणते. पण घरचे म्हणतात, प्यायला पाणी नाही, अन् फुलझाडाला कुठलं घालायचं?"

प्रश्न खोटा नाही. धाराशिव जिल्हा हा बेभरवशाच्या पावसाचा मुलूख. म्हणून आज आमच्याच दारची गोष्ट सांगतो.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. त्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्या गावात टँकर यायचा. घागरी मोजून मिळायच्या. दारात चार वर्षांचा पारिजातक होता. चैत्रात त्याची सगळी पाने गळाली. नुसत्या काड्या राहिल्या. शेजारी म्हणाले, "गुरुजी, मेलं झाड. तोडा, सरपण तरी होईल." आम्ही कोयता घेऊन गेलोही. तोडण्याआधी सहज नखाने फांदीची साल खरवडली. आत हिरवेगार! कोयता तसाच माघारी आणला.

तेव्हा ध्यानात आले, की उन्हाळ्यात पाने टाकणे ही या झाडाची रीतच आहे. पाणी कमी असले की ते पाने टाकते आणि गप्प बसते. वाळले म्हणून कित्येक झाडे अशी जिवंतपणी तोडली जात असतील.

पण पाण्याचे काय? तांदूळ धुतलेले पाणी म्हशीचे. त्यावर झाडाचा हक्क नाही. मग आम्ही मोठ्या घमेल्यात उभे राहून आंघोळ करू लागलो. तेव्हा आम्ही नोकरीत होतो. शाळेचा मुख्याध्यापक घमेल्यात उभा, हे बघून घरची लेकरं हसायची. हसू देत. साबणाचे पाणी निराळे टाकायचे आणि नुसत्या पाण्याचे दोन-तीन तांबे झाडाला. तेही सांजेला. आळ्यात पाचोळा पसरला होता, म्हणून ओल टिकली. जूनच्या पावसाने झाड फुटले. भाद्रपदात बुंध्याशी सडा पडला.

आता लावायचे कसे? पारिजातकाची फळे चपटी, नाण्यासारखी असतात. वाळली की दोन भाग होतात. प्रत्येक भागात एक बी. मृगाचा पाऊस झाला की पिशवीत दोन बिया टोचा, कारण सगळ्या उगवत नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची वीतभर काडीही पावसाळ्यात लागते. रोप हातभर झाले की उन्हाच्या जागी दोन फूट खड्डा घेऊन लावावे. भिंतीला खेटून नको. काळ्या रानात पाणी तुंबून मुळे कुजतात, म्हणून मातीत मुरूम आणि शेणखत मिसळा. पहिली दोन वर्षे काट्याचे कुंपण हवेच. आमचे पहिले रोप शेळीने खाल्ले होते. बहर सरला, की माघात शेंडे छाटा. नव्या फुटीला फुले जास्त येतात.

फूल पांढरे, देठ केशरी. त्या देठांपासून पूर्वी कापड रंगवीत. संध्याकाळी कळ्या उमलतात, रात्रभर वास दरवळतो आणि पहाटे फुले आपोआप गळतात. खाली पडलेले फूल आपण देवाला वाहत नाही, पण पारिजातकाचे चालते. सत्यभामेच्या दारी झाड आणि रुक्मिणीच्या दारी फुले, ही कथा तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्याकडेही तेच. झाड आमचे, निम्मी फुले शेजारच्या ओट्यावर. "तोडा" म्हणणारे शेजारी आता पहाटे आमच्या आधी परडी घेऊन उभे असतात!

पानांचा काढा तापावर देतात. फार कडू असतो. त्याबद्दल आम्ही काही सांगणार नाही. ताप आला तर दवाखान्यात जावे.

आम्ही बिया आणल्या आहेत. प्रत्येकाला चार-चार. टेबलावर कागदाच्या पुड्या आणि पेन्सिल ठेवली आहे. पुडीवर ज्याने त्याने आपले नाव स्वतः लिहावे. आम्ही कोणाला लिहून देणार नाही. पारिजातकातला 'रि' पहिला, एवढे ध्यानात ठेवा.