वाळवीचा अभ्यास आणि रानाची वाट
(विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनींपुढे केलेलं भाषण)



कीटकशास्त्र हा माझा विषय नाही. मी समाजकार्य शिकले. आमच्याकडे क्षेत्रकार्य केल्याशिवाय पदवी मिळत नाही. वनशास्त्रातही रानात गेल्याशिवाय भागत नाही. पण ‘फी भरू, रानात मात्र पाठवणार नाही,’ असं सांगणारे पालक आम्हांला नेहमी भेटतात. म्हणून आज मार्गारेट कॉलिन्स यांच्याविषयी बोलते.

कॉलिन्सबाई अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. जन्म 1922चा. चौदाव्या वर्षी त्या कॉलेजात गेल्या. पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी वाळवीचा अभ्यास केला. वाळवी म्हटलं की आपल्याला पोखरलेली चौकट आठवते. पण जंगलात वठलेलं लाकूड खाऊन त्याची माती करणारी हीच. नागपंचमीला आपण पूजतो ते वारूळही बहुधा तिनेच बांधलेलं असतं.

त्यांचे मार्गदर्शक आल्फ्रेड इमर्सन वाळवीचे नामांकित तज्ज्ञ. पण क्षेत्रकार्याला त्यांनी बाईंना नेलं नाही. बायका बरोबर असल्या की त्रास फार, हे त्यांचं मत! कोणती वाळवी कोरडेपणा किती सोसते, यावर बाईंनी प्रबंध लिहिला आणि 1950च्या सुमारास पीएच.डी. मिळवली.

हॉवर्ड विद्यापीठात स्त्री म्हणून दुय्यम वागणूक मिळाली, तेव्हा त्या नोकरी सोडून फ्लोरिडात शिकवायला गेल्या. तिथे वर्णभेद आडवा आला. 1956मध्ये टॅलाहासीत कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा त्या लोकांना स्वतःच्या गाडीतून कामावर पोचवत. मानवी समतेवरचं त्यांचं एक व्याख्यान बॉम्बच्या धमकीमुळे रद्द झालं. जात आणि बाईपण यांचं दुहेरी ओझं आपल्या दलित, आदिवासी मुलींना वेगळं समजावून सांगायला नको.

पण बाई रानात गेल्याच. मेक्सिको, गयाना, सुरीनाम इथे त्यांनी वाळवी गोळा केली. 1989मध्ये डेव्हिड निकल यांच्याबरोबर फ्लोरिडातली एक नवी जात नोंदवली. 1996मध्ये केमन बेटांवर संशोधन करत असतानाच त्यांचं निधन झालं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी.

‘त्रास फार’ म्हणून मुलींना मागे ठेवणं सोपं असतं. संघटनांनी शिष्यवृत्ती देऊन थांबू नये. मुक्कामाची सोय काय, संडास-न्हाणीघर आहे का, सोबत दुसरी विद्यार्थिनी आहे का, तक्रार समिती कुठे आहे, हे प्रश्न मुलीला नव्हे, कॉलेजला विचारावेत. आणि उत्तर लेखी घ्यावं.