नगराचे वैद्य

उन्हाळा सरतां सरतां परीक्षांचे निकाल लागतात, आणि ज्यांच्या मुलामुलींच्या पदरांत पदवी पडली त्या घरीं पुढें काय शिकावें याची चर्चा सुरू होते. विलेपार्ल्यासारख्या विद्याप्रेमी उपनगरांत ही चर्चा विशेष आस्थेनें होते. जेथील रहिवाशांनीं १९२१ सालीं पार्ले टिळक विद्यालय उभारलें आणि १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ स्थापिला, तेथें असें होणें स्वाभाविकच आहे. वैद्यक, अभियांत्रिकी, संगणक, हिशेबशास्त्र या सर्वांचीं नांवें निघतात. परंतु ज्या गांवांत आपण राहतों त्या गांवाचीच प्रकृति तपासण्याची विद्या शिकावी, असें क्वचित्‌च कोणाच्या मनांत येतें. त्या विद्येस नगररचना व पर्यावरण-नियोजन असें म्हणतात.

ही विद्या परक्या देशांतून परवां आलेली नाहीं. मुंबई विद्यापीठानें १९१९ सालीं समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचें स्वतंत्र आसन निर्माण केलें आणि त्यावर पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितांस बोलाविलें. १८५४ सालीं जन्मलेले गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. हक्स्ले यांच्यापाशीं त्यांनीं अध्ययन केलें होतें. वनस्पतींचा अभ्यास करतां करतां ते शहरांकडे वळले. म्हणूनच शहर म्हणजे विटाचुन्याचा ढीग नव्हे, तर श्वास घेणारें, वाढणारें आणि आजारी पडणारें शरीर होय, असें ते मानीत. आजाऱ्याची नाडी न पाहतां औषध देणाऱ्यास वैद्य कोण म्हणेल? नगराच्या बाबतींतही आधीं पाहणी व निदान, आणि मग उपचार, हा त्यांचा दंडक होता.

त्या काळीं जुन्या दाट वस्तींतून सरळ रुंद रस्ता काढणें आणि वाटेंतील शेकडों घरें पाडणें, यास सुधारणा म्हणत. गेडिस वस्तींतून पायीं हिंडत. मोडकळीस आलेलीं दोनचार घरें काढून तेथें लहानसा चौक करावा, एखादें झाड राखावें, आणि बाकीचें मोहल्ल्याचें जीवन न दुखवितां तसेंच ठेवावें, असें ते सुचवीत. खर्चही थोडा आणि लोकही बेघर होत नसत. हिंवतापाच्या भयानें तळीं बुजवूं पाहणाऱ्यांस, तळ्यांत मासे व बदकें सोडा, डांस तीं खातील, असें त्यांचें सांगणें असे.

होळकरांच्या इंदुरास ते गेले तेव्हां तेथें प्लेगची धास्ती होती, आणि हा परका माणूस घरें पाडावयास आला आहे अशी वदंताही पसरली होती. गेडिस यांनीं हुकूम सोडले नाहींत. त्यांनीं दिवाळीची एक थोर मिरवणूक योजिली, आणि जे रस्ते अधिक स्वच्छ व नीटनेटके असतील त्यांवरूनच ती जाईल असें जाहीर केलें. गल्लोगल्लीं झाडलोट व डागडुजी सुरू झाली. मिरवणुकींत प्लेग पसरविणाऱ्या उंदराची प्रतिमा होती, आणि झाडूवाले नवीं वस्त्रें लेवून सन्मानानें चालले होते. नगर सुधारावयाचें तें नगरवासीयांच्या हातून, ही गोष्ट त्या एका दिवसानें जितकी पटली तितकी शंभर जाहीरनाम्यांनीं पटली नसती. १९१८ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा इंदूरचा अहवाल आजही अभ्यासिला जातो.

मुंबईंतील त्यांच्या व्याख्यानांस येणाऱ्यांत मालवणास जन्मलेले एक तरुण होते. तेच पुढील काळांतील थोर समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये. गेडिस यांच्या शिफारशीनें ते इंग्लंडला गेले आणि १९२४ सालीं परत येऊन तोच विभाग सांभाळूं लागले. विभागाची कीर्ति वाढली, परंतु त्याचा ओढा जाति, कुटुंब, धर्म यांच्या अध्ययनाकडे राहिला. नगररचनेच्या शिक्षणासाठीं खास संस्था निघण्यास १९५५ साल उजाडावें लागलें, आणि ती निघाली दिल्लीस.

आतां पार्ल्याकडे वळूं. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानें, व त्यामागून आलेल्या कायद्यांनीं, साष्टींतील शेतीवाडीचें उपनगरांत रूपांतर करण्याची एक न्याय्य रीत घालून दिली. वेडेवांकडे शेततुकडे कागदावर एकत्र करावयाचे. त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढावयाच्या. आणि प्रत्येक मालकास थोडा लहान पण चौकोनी, रस्त्यास लागून असलेला भूखंड परत द्यावयाचा. जमीन घटली तरी मोल वाढे, आणि त्या वाढीचा कांहीं अंश सोयींच्या खर्चास मिळे. पार्ल्यांतील जुन्या दस्तऐवजांवर ‘टी. पी. एस.’ हीं अक्षरें व अंतिम भूखंडाचा क्रमांक दिसतो, तो याच योजनांचा. सावलीचे शांत रस्ते आपोआप झाले नाहींत. कोणीतरी ते आधीं विचारपूर्वक आंखले होते.

परंतु रस्ते आंखणाऱ्यांनीं पाण्याची वाट तितक्याच काळजीनें पाहिली नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच अवधींत कुलाब्यास सुमारें ७३ मिलिमीटरच पडला. एकाच शहराच्या दोन टोकांवर एवढें अंतर! मुंबईचीं जुनीं गटारें ताशीं २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें बांधलेलीं. हा हिशेब दुप्पट करावा, अशी सूचना १९९३ च्या अहवालांत झालीच होती. काम मात्र रेंगाळलें. शिवाय भरतीच्या वेळीं समुद्र नाल्यांचें पाणी आंत घेत नाहीं. विमानतळाच्या धांवपट्टीपाशीं मिठी नदीस कोपऱ्यांतून वळावें लागतें, आणि तिच्या मुखाजवळील खाजणावर कचेऱ्या उभ्या राहिल्या. एवढें झाल्यावर दोष एकट्या पावसास देणें हा शहाणपणा नव्हे. पुढें इर्ल्याच्या नाल्यावर पाणी उपसण्याचें केंद्र झालें तें योग्यच झालें. परंतु तो उपचार झाला रोग बळावल्यावर.

हें निदान वेळीं करणारीं माणसें तयार व्हावीं, यासाठींच हें पदव्युत्तर शिक्षण आहे. अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा असतो. वास्तुशास्त्र व स्थापत्य यांचे पदवीधर तर त्यास येतातच, परंतु अनेक संस्थांत भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र या विषयांच्या उच्च पदवीधरांसही प्रवेश मिळतो. दिल्ली, अहमदाबाद, पुणें व नागपूर येथें सोय आहे. पार्ल्याच्याच पश्चिमेस १९९२ सालीं निघालेल्या कमला रहेजा विद्यानिधि वास्तुविद्यालयांत नगर-आरेखनाचा पदव्युत्तर अभ्यास होतो. विद्यार्थ्यास नकाशे काढावे लागतात, तसेच ओढे-नाले मोजावे लागतात. रहदारी गणावी लागते. जमिनीचे कायदे, १९९१ पासूनचे समुद्रकिनाऱ्याचे नियम, बांधकामाचा हवा-पाण्यावर होणारा परिणाम, हें सर्व अभ्यासावें लागतें. आणि झोपडींतील बाईस पाण्यासाठीं किती लांब जावें लागतें, हें तिच्या तोंडून ऐकावें लागतें.

आज पार्ल्यांतील जुन्या दुमजली-तिमजली इमारती पाडून नव्या उंच इमारती उभारल्या जात आहेत. विमानतळामुळें कित्येक ठिकाणीं उंचीस मर्यादा आहे, तरी एकेका भूखंडावरील बिऱ्हाडें वाढतात. रस्त्याची रुंदी मात्र पूर्वींच्या आंखणीचीच राहते. अंगणांतील माती फरसबंदीखालीं गेली कीं, जें पाणी जमिनींत मुरे तें गटाराकडे धांवतें. हा प्रश्न एकेका सोसायटीच्या बैठकींत सुटणारा नाहीं, कारण तेथें प्रत्येकाची दृष्टि आपल्या चौरस फुटांवर असते. सबंध गांवाकडे पाहणारा कोणी तरी हवा.

तो कोठून यावयाचा? मुंबईचा वैद्य मुंबईच्या गल्ल्या जाणणाराच असावा. पार्ल्यानें विद्यालयें काढलीं, ग्रंथालयें चालविलीं, नामांकित डॉक्टर व अभियंते दिले. यंदां पदवी घेतलेल्यांपैकीं एकदोघांनीं जरी हा मार्ग धरला, आणि वडील माणसांनीं त्यांस नाउमेद केलें नाहीं, तर पुढच्या मोठ्या पावसापूर्वीं या गांवाची नाडी पाहणारें कोणी तरी घरचें असेल.