त्याला कळत नाही, की आपल्याला?



स्वमग्न मुलाविषयी आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येते : 'त्याला काही कळत नाही.' आज या वाक्याचीच तपासणी करावयाची आहे.

१९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे आईच्या कोरडेपणावर खापर फोडले गेले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न मुलाचा पिता होता, ही उपपत्ती खोडून काढली. दोष मातेचा नव्हता; मेंदूची घडणच निराळी होती.

निराळी म्हणजे कशी? स्वतः स्वमग्न असलेल्या प्राणिशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी बालपणीची हकिगत सांगितली आहे. कुत्रा व मांजर यांतील भेद त्या आकारमानावरून ओळखीत. शेजाऱ्यांनी डॅशहुंड जातीचा बुटका कुत्रा आणला आणि तो नियम कोसळला. मग न्याहाळून त्यांनी शोधले की, लहानमोठ्या सर्व कुत्र्यांचे नाक एकाच घाटाचे असते. आपणांपैकी बहुतेकांना 'कुत्रा' ही कल्पना नकळत लाभते. त्यांना ती एकेका कुत्र्याच्या चित्रातून रचावी लागली.

प्रत्येक स्वमग्न मूल चित्रांतूनच विचार करते, असे नव्हे. परंतु वर्गात मण्यांवर शिकलेले 'पाच' दुकानातील नाण्यांना आपोआप लागू होईल, असे गृहीत धरू नये. मणी, पोळ्या, पायऱ्या, नाणी अशी पाचाची अनेक रूपे दाखवावीत. उच्चारलेला शब्द विरून जातो, चित्र समोर राहते; म्हणून दिवसाचा क्रम चित्रांनी मांडावा. नॉर्थ कॅरोलिना राज्याने १९७२ पासून अशाच पद्धतीचा कार्यक्रम, पालकांना सहभागी करून, सरकारी पाठबळाने चालविला.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेला स्थान नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते मिळाले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते पक्के केले. परंतु शिक्षकाला ही रीत शिकविली नाही, तर कायदा कागदावरच राहील. ऐपत असलेला पालक खासगी शिकवणी विकत घेईल. शेतमजुराच्या मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेवाचून दुसरा आधार कोणता?

म्हणून आपापल्या गावच्या शाळेत जा, शिक्षकांशी बोला, प्रशिक्षणाचा आग्रह धरा. आणि 'त्याला काही कळत नाही' असे कोणी म्हटलेच, तर एवढेच विचारा : तुम्ही त्याला किती प्रकारांनी सांगून पाहिलेत?