आयर्विनला किती?

आमच्या लहानपणी मिरजेत पावसाळ्याच्या सकाळी एकच प्रश्न असायचा, ‘आयर्विनला किती?’ सांगलीचा आयर्विन पूल 1929 सालचा. त्याच्यापाशी कृष्णेचं पाणी फुटांत मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. पाणी चढतंय असं कळलं की अब्बा मला सायकलच्या दांडीवर बसवून सांगलीला नेत. तसा मिरजेलाही कृष्णाघाट आहे. पण पूर बघायचा तो आयर्विनवरूनच, हा त्यांचा हट्ट!

गंमत अशी, की सांगलीत लख्ख ऊन असतं आणि नदी वाढत असते. पाऊस पडतो वर, महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरात. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा. तीही भरून आली की कृष्णेला पुढं सरकायला वाट राहत नाही. पाणी शहराकडं फुगतं.

2019 च्या ऑगस्टच्या सुरुवातीला मी असाच गेलो. पन्नाशीला टेकलो होतो, पण सवय सुटली नव्हती. पुलावर जत्राच भरलेली. भाजलेली कणसं, बापांच्या खांद्यावरची लेकरं, मोबाइल उंच धरलेली पोरं. खाली चहाच्या रंगाचं पाणी, त्यातून ओंडके चाललेले. कविता करणाऱ्या माणसाला एवढं पुरतं.

परतताना सूर्यवंशी प्लॉटकडं वळलो. गल्लीच्या टोकाला पाणी लागलं होतं. एक बाई हातगाड्यावर शिलाई मशीन चढवत होत्या. म्हणाल्या, “पाव्हणं, बघत काय उभारलाय? धरा की जरा!”

धरलं. मशीन भलतंच जड. मग गाडाही ढकलू लागलो. “अजून घरात शिरलं नाही ना?” मी विचारलं.

“चाळीस झालं की आमच्या उंबऱ्याला लागतंय. आकडा ऐकला की बांधाबांध.”

तोच आकडा ऐकून मी मिरजेहून निघालो होतो. पुढच्या चार-पाच दिवसांत पाणी 57 फुटांच्या वर गेलं, अर्धी सांगली बुडाली. त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं?

शाळेच्या व्हरांड्यात मशीन उतरवलं. बाईंनी पदरानं घाम पुसला. “लई उपकार झाले. कुठनं आलाय?”

“मिरजेहून.”

“मग हिकडं काय काम काढलं?”

पूर बघायला, असं म्हणवेना. “भाचीकडं आलोय,” म्हणालो.

सांगलीत मला भाची नाही.