कापलेला समास
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'निवृत्त ग्रंथपाल' अशी करून दिली. तुमच्या लेखी मात्र मी कणकेची खळ शिजवून वर्गातल्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवणारा. खळीत चिमूटभर मोरचूद टाकला की कसर लागत नाही, हे सरांनी शिकवलं. त्या शिदोरीवर माझी नोकरी झाली.

आमच्या कामात 'दोलामुद्रिते' असा शब्द आहे. दोला म्हणजे पाळणा. छपाई पाळण्यात होती तेव्हाची ही पुस्तकं. युरोपात ती १५०० पर्यंतची धरतात, मराठीत १८६७ पर्यंतची. कारण त्या वर्षी छापील पुस्तकांच्या सरकारी नोंदणीचा कायदा आला. विल्यम कॅरींचं मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील कागदाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असं सांगतात. पुढेही कित्येक पोथ्या हस्तलिखितासारख्या आडव्या, सुट्या पानांच्याच छापल्या जात. वाचणाऱ्याचा हात बिचकू नये, एवढ्यासाठी.

अशीच एक पोथी नोकरीच्या सुरुवातीला माझ्या हाती आली. सुटी पानं हरवतील म्हणून मी वरच्या कडेला टाके घातले, उरलेल्या तीन कडा यंत्रावर सरळ कापल्या आणि झकास कापडी बांधणी केली. वरिष्ठांनी शाबासकी दिली.

काही महिन्यांनी ती पोथी देणारे आजोबा आले. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, "समासात आमच्या वडिलांनी मोडीत लिहिलेलं होतं, ते कुठाय?"

घरातले जन्म, मृत्यू, दुष्काळाचं साल, सगळं तिथं होतं. कातरणं केव्हाच रद्दीत गेली होती. आजोबा रागावले नाहीत. पोथी मिटून, नमस्कार करून निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी एकच नियम पाळला: जे उद्या उलगडता येणार नाही, ते आज करायचं नाही. खळ पाण्याने सुटते. चिकटपट्टी कागद घेऊनच निघते.

केदारेश्वराची शिल्पं पाहत आपण वाढलो. दगड तग धरतो. पण जवळच अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. ते कापडसुद्धा चारशे वर्षं टिकलं, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी ते जपलं.

म्हणून एकच मागणं. घरी गेल्यावर देवघरातलं बासन सोडा. पोथी असेल तर नदीत सोडू नका, शिवू नका, कापू नका. स्वच्छ सुती कापडात बांधा आणि मला निरोप द्या. मी येईन. कात्री घरी ठेवून येईन.