गुस्ल, पाणी आणि समता
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शेजाऱ्याच्या धर्माविषयीचे अज्ञान हे जातीयवाद्यांचे सर्वांत स्वस्त भांडवल आहे. इस्लाममधील ‘गुस्ल’, म्हणजे सर्वांगस्नान, हा असाच थट्टेचा विषय करण्यात आला आहे. म्हणून तो नियम आधी नीट समजून घ्यावयास हवा.

गुस्ल ‘फर्ज’, म्हणजे अनिवार्य, होते ते मुख्यतः चार प्रसंगी : वीर्यस्खलनानंतर, मग ते झोपेत का झालेले असेना, समागमानंतर, स्खलन झाले नसले तरी, मासिक पाळी संपल्यावर, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबल्यावर. स्नान होईपर्यंत नमाज पढता येत नाही. मृताला स्नान घालणे हे मात्र साऱ्या समाजाचे सामायिक कर्तव्य. काहींनी ते पार पाडले की इतर त्यातून मोकळे होतात.

या यादीत जन्म कोठेही नाही. येथे अशुद्धी ही तात्पुरती अवस्था आहे. ती सुलतानाला येते, भिश्त्यालाही येते आणि स्नानाने दोघांचीही सारखीच फिटते. अशा अवस्थेत पैगंबरांसमोर येण्यास संकोचलेल्या अबू हुरैरा यांची, श्रद्धावान माणूस विटाळत नसतो, अशी समजूत त्यांनी घातल्याचे हदीसमध्ये नमूद आहे. महाडच्या चवदार तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता, अस्पृश्यांना होता. त्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तो विटाळ कोणत्याही स्नानाने फिटणारा नव्हता. अर्थात भारतीय मुस्लिम समाज जातिमुक्त आहे, असे नव्हे. बिरादऱ्यांची उच्चनीचता तेथेही आहे. मात्र शुद्धीच्या या नियमात तिला आधार नाही.

अर्थकारणाच्या दृष्टीने पुढील भाग अधिक मोलाचा. पैगंबर सुमारे तीन-चार लिटर पाण्यात स्नान करीत, अशी नोंद आहे. पाणी मिळत नसेल किंवा आजार बळावण्याची भीती असेल, तर स्वच्छ मातीवर हात ठेवून चेहरा व हात पुसण्याची, ‘तयम्मुम’ची, मुभा कुराणानेच दिली. धर्मशास्त्रज्ञ आणखी पुढे गेले. पाणी विकत मिळते, पण विक्रेता वाजवीपेक्षा फार अधिक दाम मागतो, तर ते घेण्याचे बंधन नाही, असा त्यांचा निर्णय आहे. टंचाईत लोकांना नाडणाऱ्या व्यापाऱ्यापुढे धर्मनिष्ठाने मान तुकवावी, हे त्यांना मान्य नव्हते.

परंतु सवलत म्हणजे हक्क नव्हे. नळ नसलेल्या वस्तीत पाळी संपलेल्या स्त्रीला स्नानासाठी आडोसा मिळत नाही, आणि पाण्याचा हंडा मात्र तिच्याच डोक्यावर असतो. तिची हिंदू शेजारीणही त्याच रांगेत उभी असते. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली झोपडपट्टीवासीयांच्या बाबतीत स्पष्ट केले.

स्नान केव्हा करावे, हे ज्याची त्याची श्रद्धा ठरवील. ते करावयास पाणी असेल की नाही, हे राजकारण ठरवते. कार्यकर्त्यांचे काम तेथे आहे.