आठ सेकंदांची भाकरी

आज आमच्या गटातली एक गोष्ट सांगतो.

गटातल्या एका ताईंची लेक पुण्याला ॲनिमेशन शिकते. म्हणजे चित्रं हलती करायची. पोरं टीव्हीवर कार्टून बघतात ना, तेच. तिच्या संगणकासाठी ताईंनी कर्ज मागितलं तेव्हा आम्ही दोन बैठका वाद घातला. शेळी घेतली की करडं दिसतात, मशीन घेतलं की ब्लाउज दिसतो. यात काय दिसणार? शेवटी दिलं. हप्ते वेळेवर येत होते, पण दिवाळीला पोरगी आली ती गप्प गप्प. फिल्म अर्धीही झाली नव्हती. कॉलेज सोडते म्हणाली. ताई बैठकीत रडल्या, म्हणून आम्ही तिलाच बोलावलं.

मग ती बोलली. कॉलेजात अधूनमधून कलाकार व्याख्यानाला येतात, पडद्यावर आपली पूर्ण झालेली कामं दाखवतात. ते बघून हिचा हात आणखी आखडायचा. त्यांना सुचतं, मला सुचत नाही, असं वाटायचं. एका पाहुण्यांनी मात्र टाकून दिलेल्या चित्रांचा गठ्ठाच आणला होता. एका माणसाचं चालणं जमेपर्यंत किती कागद वाया गेले ते दाखवलं. दादासाहेब फाळक्यांचंही सांगितलं. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला, त्याआधी त्यांनी वाटाणा पेरून त्याच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण रोज केलं. कोंबापासून वेलापर्यंतची वाढ पडद्यावर झरझर दिसली, आणि ती दाखवून त्यांनी पैसे उभे केले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडायचं कामही शिकून घेतलं. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे पहिलं कर्ज घरातूनच!"

आम्ही म्हटलं, तुझा वाटाणा दाखव. ती लाजली. अर्धवट काम कुणाला दाखवायचं नाही, अशी तिची सवय. आईनंच पिशवीतून कागद काढले. तिची फिल्म आजीवर आहे, त्यात आजी भाकरी थापते. सेकंदाला २४ चित्रं लागतात. एकच चित्र दोनदा वापरलं तरी १२ काढावी लागतात. मिनिटभराला ७२०! आम्ही मनात हिशेब केला आणि गप्प बसलो.

तिनं कागद भराभर उलटले. हात हलले, भाकरी मोठी झाली. आम्हाला हसू आलं, कारण दोन्ही हात एकदम वर जात होते. अगं, डावा हात कडेला असतो, कड फाटू देत नाही. भाकरी वेगळी फिरवायची नसते, थापता थापता ती फिरते. आणि उचललीस ती कागदासारखी! ओल्या भाकरीला वजन असतं, उचलताना ती मधे लवते.

पोरगी एकदम ताठ बसली. "सर हेच म्हणतात, वजन दिसत नाही. पण म्हणजे काय ते मला कळत नव्हतं."

मग काय, बैठक राहिली बाजूला. कुणी पीठ आणलं, कुणी काठवट. एकीनं थापली, दुसरीनं मोबाइल धरला, समोरून आणि वरूनही. पोरगी मधेच म्हणायची, "थांबा, परत." पाच भाकऱ्या झाल्या. त्या चटणीबरोबर तिथंच संपल्या, पण त्या दिवशी वसुली लिहायची राहिली, हे कबूल करतो.

भाऊबीज करून ती पुण्याला गेली. कर्जाचे चार हप्ते बाकी आहेत. फिल्म वेळेत होईल की नाही, हे तिलाही सांगता येत नाही. पण मागच्या बैठकीत ताईंच्या मोबाइलवर आठ सेकंदांची भाकरी आली. आम्ही ती पुन्हा पुन्हा बघितली. डावा हात बरोबर आहे. उचलताना भाकरी लवते. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा तेवढा राहिला आहे. तसं तिला कळवलं.